खिडकीतला मुराळी

बारामती,
आषाढ वद्य अष्टमी, शके १८५८

तर दाजी, आख मी मोडला नाही, आख मोडला. ह्या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे इंदापूरच्या पेठेत कापडाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला पळसदेवच्या तिसरी नापास माणसानं समजावून सांगावं काय? तुमच्या गाडीच्या आखाचं लाकूड आधीच किडलेलं होतं. मागून सर्व्हिस मोटार आली, तिनं भोंगा वाजवला, बैल बुजले आणि गाडी ओढ्यात गेली. (मी बैलांच्या शेपट्या पिरगाळून मोटारीशी शर्यत लावली असं जे तुम्ही पेठेत सांगता, ते अर्धंच खरं आहे. शेपटी एकाचीच पिरगाळली. आणि ओढ्यापर्यंत आपणच पुढं होतो, हे अक्काला विचारा.) अक्का गुडघाभर चिखलातून लाडवांचा डबा डोक्यावर घेऊन माहेरी पोचली, हे मला मान्य आहे. पण पोचली की नाही? त्यावर तुम्ही दोन वर्षं धरून बसला आहात की असला मुराळी न्यायला येणार असेल तर बायको धाडणार नाही. आबांचा निरोप परत, माझा निरोप परत, आणि अक्काच्या दोन पंचम्या तुमच्या दुकानामागच्या परसात झोपाळ्याशिवाय गेल्या. आता परवा तुमचं कार्ड आलं, त्यात लिहिता की लेकीबाळी आणायला-न्यायला अक्कल लागते, ती तुझ्यात नाही. त्या कार्डाला हे उत्तर आहे.

नमस्कार राहिलाच. तो इथं घ्यावा, आणि वडीलकीच्या मानानं जरा जास्तच वाकून केलेला आहे असं समजावं. तुमच्या पोटातला वात कसा आहे? अक्काचा डावा डोळा दुखत होता तो थांबला का? म्हैस व्यायली असं कळलं. पारडी झाली की रेडा? (रेडा झाला असेल तर त्याला माझं नाव देऊ नये. मागच्या खेपेला दिलं होतं ते मला कळलं आहे.) मी इथं सुखरूप आहे. कानातलं पीठ सोडलं तर अंगाला काही विकार नाही.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे माझ्या अकलेवर. मी रसूलशेठच्या पिठाच्या गिरणीत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण 'मेव्हणा गिरणीत दळणं घेतो' असं जे सांगता ते चूक. मी इंजिनावर आहे. क्रूड तेलाचं इंजिन, माणसाएवढं चाक, आणि ते सकाळी एका दमात फिरवून चालू करणारी माणसं सगळ्या बारामतीत शोधून दोन-तीन निघतील. त्यातला एक मी. राहायला गिरणीवरची माडी आहे. माडीला खिडकी आहे. (तिला गज नाहीत, झडप नाही, त्यामुळं शेठ तिला भिंतीचं भोक म्हणतात. पण तिथं मी बसलो की ती खिडकीच दिसते.) खाली बोळ, आणि बोळापलीकडं कुंडलिक पाटकऱ्याचं परसू. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी पाळीप्रमाणं शेतात सोडणारा. ऊसवाले, पेरूवाले, भाजीवाले सगळे त्याला वाकून रामराम घालतात.

दुसऱ्याच्या परसात बघू नये हे मलाही शिकवलेलं आहे. पण मी बघायला बसलोच नव्हतो, मी हरवलेलं गिऱ्हाईक शोधायला बसलो होतो. झालं काय, पहाटे मी इंजिनाला तेल घालायला उठलो की समोरून घरघर ऐकू यायची. जात्याची! कोसभरावरच्या वाड्यांतून लोक डोक्यावर बाजरी घेऊन आमच्या दारात रांग लावतात, आणि ही पाटकऱ्याची बायको, द्वारकाबाई तिचं नाव, हात लांब केला तर गिरणीच्या भिंतीला लागेल इतक्या जवळ राहून हातानं दळते! हा गिरणीचा अपमान होता, म्हणजे इंजिनाचा होता, म्हणजे माझा. शेठना बोललो तर ते म्हणाले, "अरं, येक घर न्हाय आलं म्हणून काय गिरणी बुडती?" मालकालाच मानाची चाड नाही म्हटल्यावर सगळं ओझं माझ्यावर आलं. म्हणून मी खिडकीत बसलो.

आधी वाटलं, नवरा चिक्कू असेल, दळणाचे पैसे देत नसेल. पण तो बाजारातून येताना पेढे आणायचा, ते फळीवर ठेवायचा, आणि ते तसेच राहून मुंग्या खायच्या. मग वाटलं, मारत असेल. तर उलट तोच तिच्या बांगड्या वाजल्या की दचकायचा. सकाळी तो कालव्यावर गेला की बाई एक गाठोडं बांधायची. लुगडं, चोळी, फणी, आणि एक पितळी डबा. ते उंबऱ्याजवळ ठेवायची आणि रस्त्याकडं तोंड करून मेथी निवडायला बसायची. मेथीची ती एक जुडी निवडून होईपर्यंत आम्ही निम्म्या पेठेची ज्वारी दळून मोकळे व्हायचो. दिवस कलला की गाठोडं सोडायची, लुगडं परत दांडीवर टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकच लुगडं, रोज बांधलेलं आणि रोज सोडलेलं. त्याच्या घड्या मला पाठ झाल्या.

आणि संध्याकाळी कुंडलिकराव. ज्याच्या हातात तालुक्याच्या पाण्याची दारं, त्याला स्वतःच्या घरात तोंड उघडता येत नव्हतं. येऊन परसात शेळीसमोर उकिडवा बसायचा. फेटा सोडायचा, पुन्हा नीट बांधायचा, घसा साफ करायचा आणि शेळीला म्हणायचा, "जाऊ दे, माझंच चुकलं. चल, मीच सोडून येतो तुला लोणी भापकरला." शेळी रवंथ करायची. "मान गेला तर जाऊ दे माझा," असंही एकदा म्हणाला, आणि चांगलं म्हणाला. पण बाई दारात आली की हा उठून उभा, आणि तोंडातून एवढंच, "च्या टाक." (शेळीची मात्र पुरी तयारी झाली होती. ती रोज दावं ओढायची.)

हे कोडं सुटलं ते इंजिनामुळं. एका पहाटे तेल संपलं म्हणून ते थंड होतं, आणि त्या शांततेत कळलं की बाई नुसती दळत नाही, गाते. आणि प्रत्येक ओवी भावाची. भाऊ वेशीत आला, भावाच्या बैलांना झुली, भावाला वाढू काय. आणि मग नुसतंच जातं, ओवी नाही, बराच वेळ. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, दाजी. गिरणीत दळण टाकलं तर ती गाणार कुठं? आमच्या इंजिनाच्या टुकटुकीत? ज्या बाईला घरात कोणाशी बोलायचं नाही, तिनं जात्याशी तरी बोलू नये का? आमच्या गिरणीत सगळं आहे, ही एक सोय नाही. (शेठना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग तू गात जा, गिऱ्हाइकं तरी लवकर घरी जातील.")

बोळात कुंडलिकरावांना गाठलं. "मी समोरचा," म्हणालो. "कंचा समोरचा?" "ह्या खिडकीतला." त्यांनी वर पाहिलं, मग मला पाहिलं. "अस्सं! ती मान तुझी व्हय? मी उद्या तिथं पोतं ठोकणार हुतो." मी म्हणालो, पोतं खुशाल ठोका, पण वैनींना माहेरी का धाडत नाही ते सांगा. आधी चिडले. मग बोळाच्या कट्ट्यावर बसले आणि दोन वर्षांचं साठलेलं पाणी पाळी नसताना सोडलं. लग्नाच्या पहिल्या आखाडात लोणी भापकरहून सासऱ्यांचा पुतण्या मुराळी म्हणून आला होता. सासरे महिपतराव, त्यांना मुलगा नाही, म्हणून पुतण्या. त्याचं म्हणणं, त्याला ह्यांच्याकडून चहा दिला गेला तो कान तुटलेल्या कपातून. पाहुण्याला कानतुटका कप आणि जावई स्वतः कानाच्या कपातून पितो! पुतण्या चहा तसाच ठेवून उठला आणि पोरगी न नेताच गेला. तेव्हापासून लोणीहून मूळ नाही, कुणी न्यायला येत नाही. "अरं, घरात कपच दोन हुते," कुंडलिकराव म्हणाले. "आन चांगला कप त्यालाच दिला हुता. त्यानं कपबशी उचलताना दारावर आपटून कान तोडला. आता हे सांगायचं कुणी?" बिनबोलावता जावई सासुरवाडीला जाऊ शकत नाही, मुराळ्याशिवाय लेक माहेरी जाऊ शकत नाही, आणि महिपतराव वाट पाहतात की जावई माफी मागेल. एका कपाच्या कानापायी तीन माणसं अडली होती.

(इथं तुम्ही म्हणाल की कप आणि आख ह्यांत साम्य दिसतं. मला दिसत नाही. पण तुम्हाला दिसलं तर बघा.)

मी म्हणालो, "मुराळीच पाह्यजे ना? मग मी जातो भाऊ होऊन." कुंडलिकरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, त्यात पिठाशिवाय त्यांना काही दिसलं नसावं. पण ते मला घरात घेऊन गेले. द्वारकाबाई चुलीपाशी होत्या. नवऱ्यानं दोन वर्षांत प्रथमच "च्या टाक" सोडून दुसरं वाक्य म्हटलं, तेही भिंतीकडं बघून, "ह्यो तुझा भाऊ." बाईंनी मला पाहिलं. दाजी, मला वाटलं होतं रडतील. त्या म्हणाल्या, "खिडकीतून महिना-दोन महिने माझी मेथी मोजत हुता, त्यो हाच का? भाऊ व्हायचं आसंल तर तोंड धुऊन ये. कानबी." आणि पाठ फिरवून गाठोडं बांधायला लागल्या. ह्या वेळी घड्या निराळ्या घातल्या, ते मी पाहिलं.

मी काही हलका मुराळी होऊन गेलो नाही. शेठचा काळा कोट मागून घेतला, लाल फेटा बांधला, आणि बैलगाडी नको म्हणून (तुमच्या गाडीचा अनुभव) बादशाहचा टांगा केला. पंधरा मैलांचा रस्ता, जेवायच्या वेळेला लोणीत, असा हिशेब. बादशाह माझा दोस्त, पण त्यानं एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याचं घोडं लग्नसराईत वरातीला जातं. नवरदेव वेशीत मारुतीला उतरतो, नारळ फोडतो, मगच वरात पुढं, हे त्या जनावराच्या अंगात इतकं मुरलंय की मारुती दिसला की ते थांबतं आणि नारळ फुटल्याचा आवाज आल्याशिवाय खूर उचलत नाही. चाबूक दाखवा, चंदी दाखवा, काही नाही. बादशाह म्हणाला, "माजा इलाज न्हाय बाबा, घोडं शिस्तीचं हाय. नारळ हाईत बसायच्या फळीखाली, इकत घे." आणि त्या रस्त्याला, दाजी, मारुतींची काही कमतरता नाही. वेशीतला मारुती, मळ्यातला मारुती, विहिरीवरचा मारुती. एका ठिकाणी नुसता शेंदूर फासलेला मैलाचा दगड होता, तिथंही ते थांबलं. द्वारकाबाई ओटीत खोबऱ्याचे तुकडे गोळा करत होत्या आणि पदर तोंडात धरून हसत होत्या. बादशाह म्हणाला, "ताई, आमच्या बाच्या हयातीत इतकं देवदर्शन झालं न्हाय." माझ्याजवळचे पैसे कुठं गेले हे इथं लक्षात ठेवावं, पुढं लागेल.

त्यामुळं जेवायची वेळ टळली आणि लोणीत पोचलो ते गुरं परतायच्या वेळी, म्हणजे सगळं गाव पारावर असताना. घोडं वेशीत थांबलंच. मी खाली उतरून नारळ फोडला आणि मान वर केली तर पारावरचे सगळे उभे. आता त्यांच्या डोळ्यांनी पाहा. महिपतरावांची लेक, दोन वर्षं माहेरी न आलेली, गाठोड्यासकट. आणि तिला घेऊन आलाय तो माहेरचा माणूस नव्हे, सासरच्या गावचा कुणी कोटवाला. मुराळी माहेराहून सासरी जातो आणि लेक घेऊन येतो. सासरच्या गावचा माणूस लेकीला आणून सोडतो तेव्हा त्याचा अर्थ एकच होतो. ही गोष्ट मला नारळ फोडेपर्यंत सुचली नव्हती. (तुम्हाला सुचली असती का? खरं सांगा.) पारावरून कोणी तरी म्हणालं, "महिपतीची लेक परत धाडली!" आणि ते वाक्य टांग्याच्या आधी महिपतरावांच्या घरी पोचलं. प्रयागबाई, म्हणजे आई, अंगणातून हंबरडा फोडत आली. महिपतराव गुडघ्यानं अधू, पण काठी उचलून असे आले की गुडघ्याला कळलंच नाही.

"कोण रं तू?" काठी माझ्या फेट्यावर. अशा वेळी दुसरा असता तर टांग्याखाली शिरला असता. मी छाती काढून सांगितलं, "मी द्वारकाबाईंचा भाऊ!"

हंबरडा मध्येच थांबला. महिपतराव म्हणाले, "मला पोरगा न्हाय." मी म्हणालो, "न्हाय कसा? हा काय उभा हाय." मला आपलं म्हणायचं होतं की मी मानलेला, मनापासूनचा भाऊ. पण प्रयागबाईंनी हात खाली घेतले, महिपतरावांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "कुठला रं तू, बाळा?" मी म्हणालो, इंदापूर तालुका, पळसदेव. "जन्म कवाचा?" मी म्हणालो, दुष्काळाच्या दुसऱ्या साली. (मी खरंच सांगत होतो. खोटं बोलायची मला सवय नाही, शेपटीचंही मी वर कबूल केलंच आहे.) बाई नवऱ्याकडं वळल्या. "दुष्काळी कामाला तुमी इंदापूरलाच गेला हुता न्हवं? खडी फोडाया?" महिपतराव म्हणाले, "आगं, आख्खी लोणी गेली हुती!" "लोणीचं इच्यारत न्हाय मी. ह्येचे कान बघा." आणि दाजी, दुर्दैव असं की महिपतरावांचे कान सुपासारखे आहेत, आणि माझे कसे आहेत ते तुम्ही लग्नात ओढून पाहिलेच आहेत. पारावरचा एक म्हातारा पुढं येऊन दोघांचे कान पाळीपाळीनं बघून गेला आणि "हं" एवढंच म्हणाला. काठी माझ्या फेट्यावरून आपोआप खाली आली. महिपतरावांना तिची गरज आता स्वतःला टेकायला होती.

हे सगळं ज्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं, त्या द्वारकाबाई टांग्यात दांडीला धरून हसत होत्या. हसू आवरेना, बोलता येईना, आणि ते लोकांना रडणं वाटत होतं. शेवटी त्या उतरल्या, आईच्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, "आई, मला कुणी टाकली न्हाय. त्यांनीच धाडलं. ह्यो समोरच्या गिरणीतला हाय, त्याला माझ्या जात्याचा राग येतो, म्हणून भाऊ झाला." कुणाला काही समजलं नाही, पण 'त्यांनीच धाडलं' एवढं समजलं. महिपतरावांनी मला विचारलं, "जावई काय म्हणाले?" मी शेळीला सांगितलेलं सगळं सांगितलं. "माझंच चुकलं" हे, आणि "मान गेला तर जाऊ दे" हेही. (कोणाला उद्देशून म्हणाले ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माफी ती माफी.) कपाची हकीकतही सांगितली, कान कोणी तोडला ती. म्हातारा काठी टाकून खाली बसला. मग म्हणाला, "दोन वरसं पोरगी अडकवली आमी, आँ? च्या आना." आणि दाजी, चहा आला तो कपातून आला आणि कपाला कान होता. अख्खा कान. मी तो कप सगळ्यांना दिसेल असा धरून प्यालो.

रात्री ओसरीवर झोपलो. पहाटे जात्याच्या आवाजानं जाग आली. मायलेकी समोरासमोर बसून दळत होत्या, एकच खुंटा दोघींच्या हातात. ओवी ऐकली ती इथं लिहून देतो, अक्काला वाचून दाखवा:

आला मला न्याया बंधू, घोडं मारुतीला थांबं
कानामंदी पीठ त्याच्या, बाई बोलतो लई लांब

माझ्यावर, दाजी! तुमच्या घराण्यात कोणावर ओवी झालीय का, विचारून कळवा.

बारामतीला परतल्यावर खिडकीचं काम पुढं चालू ठेवलं, कारण सुरू केलेलं काम अर्ध्यावर टाकायचं नाही. बायको घरी नाही म्हटल्यावर कुंडलिकरावांनी पहिल्या दिवशी स्वतः जात्यावर बसून पाहिलं. पीठ कमी आणि घाम जास्त निघाला. तिसऱ्या दिवशी पायलीभर ज्वारी घेऊन गिरणीच्या दारात हजर! मी इंजिन जरा जोरातच चालवलं. पीठ घेताना दुसरीकडं बघत म्हणाले, "तितं कसं काय हाय?" मी म्हणालो, खुशाल हाय. "माझं काय काढत हुती का?" मी म्हणालो, ओवीत नव्हतं. त्यांचं तोंड उतरलं, म्हणून म्हणालो, पण डब्यात तुमच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या करून ठेवल्यात. त्या दिवशी संध्याकाळी ते शेळीशी न बोलता पेठेत गेले आणि सहा कप घेऊन आले. पुढच्या आठवड्यात महिपतराव लेकीला घेऊन स्वतः आले. दोघं सासरे-जावई परसात बसून नव्या कपातून चहा प्याले, आणि कप दोघांनी अगदी सांभाळून खाली ठेवले. आता बाई चुलीपाशी बोलतात, नवरा दारातून उत्तर देतो, आणि पेढ्यांना मुंग्या लागत नाहीत. हे सगळं कोणी जुळवलं ते मी सांगत नाही. तुम्ही हिशेबी माणूस आहात.

तर दाजी, अकलेचा दाखला हा असा. परक्याची लेक मी पंधरा मैल नेली, मानानं नेली, चाक हललं नाही. मग माझीच बहीण मला नेता येणार नाही काय? येत्या पंचमीला मी अक्काला न्यायला येतो. पळसदेवला लिंबाला झोपाळा आबांनी आत्ताच बांधून ठेवलाय, ते रोज संध्याकाळी ओढून बघतात दोर टिकतो का. तुम्ही नाही म्हणालात तर तो दोर कुणासाठी ते त्यांना तुम्हीच कळवा.

आपला आज्ञाधारक (गाडीचा विषय सोडून),
जोतीराम

ता. क. टांगा बादशाहचाच आणतोय, तेच घोडं. इंदापूर ते पळसदेव वाटेत किती मारुती आहेत ते पेठेत विचारून ठेवावं आणि तितके नारळ घरातूनच द्यावेत. अक्काला उजाडायच्या आत तयार ठेवावं.

दुसरा ता. क. एक लहानसं काम आहे, खरं म्हणजे कागद त्यासाठीच घेतला होता. महिपतराव लेकीला पोचवायला आले तेव्हा प्रयागबाईही आल्या होत्या. त्या दिवसभर परसात माझ्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी आत सरकलो की त्या बाजूला सरकायच्या. मला असं कोणी न्याहाळलं की काय होतं ते त्या दिवशी कळलं, आणि खिडकीला मी स्वतःच पोतं लावलं. त्यांना लेकीचं सगळं पटलंय, पण कानांचं पटलेलं नाही. तेव्हापासून लोणीत महिपतराव गोठ्यात झोपतात. बाईंचं म्हणणं, ह्याची बहीण ज्यांनी केली त्या इंदापूरच्या पाहुण्यांनी लिहून दिलं तरच मानेन. तरी 'जोतीराम हा पळसदेवच्या रावजींचाच मुलगा, आणि कान आईकडून आलेले आहेत' असं एक कार्ड आपल्या सुवाच्य अक्षरात लोणी भापकरला टाकावं. आबांना कळवू नये, ते काठी घेऊन निघतील. गुडघेदुखीत म्हाताऱ्याला गोठ्याची ओल बरी नाही. लवकर टाकावं.

तिसरा ता. क. द्वारकाबाई अजून जात्यावरच दळतात. गिऱ्हाईक शेवटी गेलंच. शेठना मी हे सांगितलेलं नाही. ह्या नागचतुर्थीला त्या माझ्या नावानं भावाचा उपास धरणार आहेत. अक्का तर दर साली धरते, आख मोडला त्या सालीही धरला होता. तिला सांगा, ह्या खेपेला निरंकार राहू नको, खजूर-शेंगदाणे खा. दोन-दोन बहिणींच्या उपासांचं आयुष्य एकट्याला खर्चायला जमायचं नाही. तुमच्या आखाचे पाच रुपये पाठवतो असं मी चैत्रात लिहिलं होतं ते विसरलेलो नाही. त्यातले बरेचसे मारुतीरायाला पोचले, तेही घरचेच समजावे. बाकीचे आजच्या मनिऑर्डरीनं धाडले आहेत, त्यातून अक्काच्या खजुराचे आधी बाजूला काढावे, उरतील ते आखाचे: एकूण रुपये दोन, आणे सहा.